पुढचं दार

खट्ट...

दाराला आतून कडी लागली होती. रंगनाथबाबा तेव्हा तरुण होते, भिक्षेचा पहिलाच दिवस होता. किती वर्षं झाली त्याला. पण आज मठाच्या ओसरीवर प्रफुल्ल बोलू लागला आणि बाबांना तो आवाज पुन्हा ऐकू आला.

“सांगा ना बाबा, दीक्षा देता की नाही?”

“कशाला हवी रे?”

“आता कुणाच्या दारात जायचं नाही मला. कारखाना बंद पडला, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. माझ्या हाताखाली माणसं होती, बाबा! आता जिथं जाईन तिथं ‘कळवतो’ म्हणतात. कळवत कुणीच नाही.”

“आणि घरी?”

“बायको आधी रोज विचारायची. आता विचारत नाही... ते जास्त लागतं.”

“तिला काय सांगून निघालास?”

प्रफुल्लची मान खाली गेली. “मुलाखतीला जातो म्हणून.”

“मग खोटं कुठं बोललास? मुलाखत चालूच आहे की.”

बाबांनी खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

“चल. भिक्षेची वेळ झाली.”

प्रफुल्ल बघतच राहिला. पण उठला.

पहिल्या घरी एक माणूस अंगणात दाढी करत बसला होता. त्यानं प्रफुल्लला खालीवर न्याहाळलं.

“चांगला धडधाकट दिसतोस की! लाज नाही वाटत? एखाद्या कारखान्यात लाग जा!”

प्रफुल्लनं झोळी पाठीमागे सरकवली.

“कल्याण असो,” बाबा म्हणाले आणि पुढे झाले.

दुसऱ्या घरी एका बाईनं गरम भाकरी वाढली, वर ठेचा दिला.

“कल्याण असो,” बाबा म्हणाले. तितक्याच मायेनं.

वाटेत प्रफुल्ल थांबला. “त्यानं हाकललं. त्यालाही तोच आशीर्वाद?”

“त्याच्या घरात आज काय चाललंय, ठाऊक आहे तुला?”

“नाही.”

“आणि त्याला तुझं?”

“त्याला काय ठाऊक असणार?”

“मग त्यानं हाकललं कुणाला?”

...

दोघं लिंबाखाली बसले. बाबांनी भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तो खाईना.

“तरी लागतं हो बाबा.”

“लागतं तर. मलाही लागतं.”

“अजून?”

“अजून.”

तेव्हा कुठं त्यानं घास घेतला. घास गिळता गिळता त्याचे डोळे भरून आले. बाबा दुसरीकडे बघत राहिले.

मग त्यांनी हळूच त्याच्या खांद्यावरची झोळी उतरवून आपल्या खांद्याला लावली.

“म्हणजे दीक्षा नाही?”

“एवढी दारं फिरलास, पोरा. बायकोपुढे कधी झोळी पसरलीस?”

प्रफुल्ल उठला. बाबांच्या पायांना हात लावला आणि घरी जायला एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.