महाराजांच्या पागोट्यावरचा बर्फ

"खोटं! साफ खोटं!" राजा अरिमर्दन गरजला आणि त्याने हातातला कागद प्रधानजींच्या अंगावर भिरकावला. "वादळ एक, आभाळ एक, राजा एक, आणि बर्फ तीन मापांचा? चालायचं नाही!"

समोर सुभानजी मोजणीदार हात जोडून उभा. समुद्रावरून हिवाळी वादळ आलं की बांबूची काठी घेऊन लाटगडच्या राज्यात गावोगाव बर्फ मोजायचा, हे त्याचं काम. गावात जितक्या विती बर्फ, तितक्या गाड्या लाकूड सरकारी वखारीतून मिळायचं. यंदा त्याने लिहून आणलं होतं: खाली बंदरावर नुसतं पाणी, मधल्या वाडीत एक वीत, आणि वर डोंगरातल्या कातळगावात चांगला दोन हात!

"महाराज, खरंच तसा पडलाय हो!"

"सारखा म्हणजे सारखा!" राजाला सारखेपणाचं भारी वेड. मागच्या वर्षी त्याने अख्ख्या राज्याला एकाच मापाच्या वहाणा घालायला लावल्या होत्या. प्रधानजी अजून लंगडत होते, बिचारे! "उद्या दुपारपर्यंत मला एकच आकडा हवा. बंदरावर खरा, वाडीत खरा, कातळगावातही खरा! बोटभर जरी चुकलास तर काठी मोडीन आणि तुला राज्याबाहेर घालवीन. तोवर कुणाला लाकडाची एक ढलपीसुद्धा मिळणार नाही!"

सुभानजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. चुलीपाशी त्याची लेक केवडा नाचणीची भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा जीव कळवळला.

"आबा, कातळगावात लोक छपरावरून बाहेर पडतायत म्हणे! लाकूड पोचलं नाही तर गारठून मरतील की ती माणसं!"

"मला कळत नाही का गं? पण असला आकडा आणू कुठून?"

"काठी द्या माझ्याकडे. उद्या मी जाते दरबारात."

"तू? अगं, तुझ्या जिभेला हाड नाही! मला एकट्याला घालवणार होते, आता दोघांना घालवतील."

"बरंच झालं की! वाटेत गप्पा मारायला सोबत होईल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाची शेपूट अजून वळवळत होती. बर्फ भुरभुरतच होता. केवडा काठी टेकत थेट सिंहासनापुढे गेली, मागून सुभानजी पाय ओढत.

"आकडा?" राजाने विचारलं.

"सांगते, महाराज. पण मोजणी राज्यातल्या पहिल्या माणसापासून सुरू करायला हवी. पहिला माणूस कोण?"

"हा काय प्रश्न झाला? मी!" राजाची छाती हातभर फुगली.

"मग चला अंगणात! मोजणी होईस्तोवर हलायचं नाही, अंग झटकायचं नाही."

झालं! राजा अंगणात खांबासारखा ताठ उभा राहिला. बर्फ पडतोय, राजा उभा. एक कावळा आला, पागोट्यावर टेकला, पाय गार पडले तसा उडाला. दरबारी मंडळी खिडकीत, तोंडात उपरण्याचे बोळे कोंबून! हसावं तर पंचाईत, न हसावं तर पोट फुटायची वेळ.

"झ-झ-झालं का गं?" राजाचे दात वाजू लागले.

"झालंच!" केवडाने काठी लावली. "लिहा प्रधानजी! पागोटं, चार बोटं. खांदा, दोन बोटं. आणि नाक..." ती टाचा उंचावून नाकाशी गेली. "नाकावर बर्फ नाही. नुसतं पाणी. टपटप गळतंय!"

प्रधानजींना जोराचा ठसका लागला.

"आता महाराज, वादळ एक, आभाळ एक, राजाही एकच. तुमच्या अंगावरचा एकच आकडा सांगा. पागोट्यावर खरा, खांद्यावर खरा, नाकावरही खरा. तुम्ही तो सांगा, राज्याचा मी लगेच सांगते!"

"चार!" राजा ठसक्यात म्हणाला.

"नाकावर चार बोटं? थांबा हं, शोधते."

"बरं, काहीच नाही!"

"मग पागोट्याला काय दही फासलंय?"

"दोन! दोन घे!"

"म्हणजे पागोटंही खोटारडं आणि नाकही! यातलं राज्याबाहेर कुणाला घालवायचं, महाराज? पागोट्याला की नाकाला?"

राजाने घाबरून नाक मुठीत धरलं. मग हळूच विचारलं, "पण नाकावरच का नाही गं साठला?"

"नाकाखाली तुमचा गरम श्वास ना! बर्फ टेकला की त्याचं पाणी. बंदराचं तेच. समुद्र हिवाळ्यातही उबदार, त्याचा वारा बंदरावर फुंकर घालतो, मग तिथे बर्फाचा पाऊस होतो. पागोटं उंचावर, उबेपासून लांब. ते तुमचं कातळगाव! आणि खांदा म्हणजे मधली वाडी. माझ्या आबांनी जिथे जे पाहिलं तेच लिहिलं."

राजाने डोळे तिरळे करून स्वतःच्या नाकाकडे पाहिलं. टप्! आणखी एक थेंब पडला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो असा खदखदून हसला, की पागोट्यावरचा सगळा बर्फ धप्पकन प्रधानजींच्या डोक्यावर!

"शाब्बास पोरी! वाडीला तिच्या मापाची लाकडं आजच पाठवा, आणि कातळगावाला मापाच्या दुप्पट! सुभानजीला शेला द्या! आणि केवडा, तुला चांदीच्या मुठीची काठी. यापुढे राज्याची मोजणी बापलेकींनी करायची!"

सुभानजीच्या डोळ्यांतही पाणी आलं. तिथे मात्र कुणी माप लावलं नाही.

"महाराज, त्या वहाणांचं तेवढं..." प्रधानजी बर्फ झटकत पुटपुटले.

"घ्या ज्याच्या त्याच्या मापाच्या!"

"आणि बंदराला काय देता?" केवडा थोडीच गप्प बसतेय! "तिथली माणसं भिजून चिंब झालीत."

"घराघरात नवी इरली द्या! आ... आ... आऽक्छी!" राजाने डोळे पुसले, पुन्हा हसला आणि गळक्या नाकाकडे बोट दाखवलं. "आणि या बंदराला गं?"

केवडाने कमरेचा रुमाल काढून पुढे केला.