मोरीकाठी सगळं वाढलं

त्या राज्यात भांडी राहत असत, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक रिकामी होती.

हे उघडपणे कोणी बोलत नसे. राज्याची रचनाच अशी होती की बोलायची वेळ येऊ नये. वरच्या अंगाला पेठ होती. तिथे चुली होत्या, सरपण होतं आणि तीन नावाजलेल्या खाणावळी होत्या: हंडेरावांची भाताची, कढईबाईंची पिठल्याची आणि तवाशेटांची भाकरीची. खालच्या अंगाला मोरीकाठ होता. कधीकाळी कामाला येऊन गेलेली, घासून पालथी घातलेली आणि मग पुन्हा कोणी न उचललेली भांडी तिथे राहत. त्यांच्याकडे चूल नव्हती. पेठेतल्या खरकट्या पाण्याचा ओघळ तेवढा त्यांच्या दारावरून वाहत जाई. त्यात भाताची शितं दिसत. ती पाहून न पाहिल्यासारखं करायचं, असा तिथला शिरस्ता होता.

कारण मोरीकाठची भांडी गरीब असली तरी घरंदाज होती. प्रत्येकाकडे स्वतःचं झाकण होतं, आणि पोटात काही असो वा नसो, चारचौघांत ते काढायचं नाही हा दंडक होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; मोरीकाठच्या झाकणांची किंमत केली असती तर सगळी पेठ विकत घेता आली असती.

दुसरा दंडक बोलण्याचा होता. दिवा विझवला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. तसंच घरातलं अन्न संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. अभद्र शब्द तोंडातून निघाला की तो घरात ठाण मांडून बसतो, अशी तिथली पक्की समजूत होती. त्यामुळे मोरीकाठी दारोदार फिरलं तरी कुठेच काही संपलेलं नसे. सगळीकडे वाढलेलंच असे. उपासमारीला इतकं शुभ नाव दुसऱ्या कुठल्या राज्यात मिळालं असेल असं वाटत नाही.

पेठ आणि मोरीकाठ यांच्यामध्ये जा-ये करणारी जमात एकच, पळ्यांची. पळीचं स्वतःचं असं काही नसतं. एकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याला घालायचं. त्यांच्यातल्या एका थोराड पितळी पळीला सगळे पळीताई म्हणत. तिने चार पळ्या आणि दोन झारे गोळा करून एक मंडळ काढलं. मंडळ काढणं सोपं असतं, ते दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकवणं अवघड. झाऱ्यांच्या हाती काही दिलं की वाटेतच गळून जाई, पण उत्साह दांडगा, म्हणून त्यांना सभा भरवायचं काम दिलं होतं. अन्न वाहायचं काम पळ्यांकडे आणि त्यांतही बहुतेक पळीताईकडेच आलं.

तिने पहिल्यांदा हंडेरावांना गाठलं ते दुपारची पंगत उठल्यावर.

"हंडेराव, जेवणं झाल्यावर तळाशी जे उरतं ते जातं कुठे?"

"मोरीत. आणखी कुठे जाणार?"

"मोरीत नको, मोरीकाठी जाऊ द्या. अंतर काही फार नाही."

"उरलंसुरलं दिलं म्हणून ते नावं ठेवतील."

"ठेवतील की. पण जेवून ठेवतील."

हंडेरावांना हसू आलं. मनाने ते मोकळे होते, हे त्यांचे हितशत्रूही कबूल करत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आधणात दोन मुठी तांदूळ जास्त टाकायला सुरुवात केली, म्हणजे उरलेलं द्यावं लागणार नाही, मुद्दाम रांधलेलं देता येईल. ते बघून कढईबाईंनी पिठलं वाढवलं. कढईबाई तापट, जवळ गेलेल्याला चटका बसल्याशिवाय राहत नसे, पण पिठलं देताना त्यांनी कधी हात आखडला नाही. तवाशेट तर सगळ्यांच्या मागून का होईना, रोज भाकऱ्या पाठवू लागले.

ते दिवस बरे होते. दुपार कलली की मोरीकाठच्या झाकणांखालून वाफ निघे आणि झाकणं हलक्या आवाजात थडथडत.

मोरीकाठी काशाची एक जुनी वाटी होती, वाटीमावशी. तिच्या पदरात एक पोरकी पितळी वाटी होती. तुपाची वाटी म्हणून घडवलेली, म्हणून तिचं नाव तुपली. तूप तिने अजून पाहिलं नव्हतं. लहानपणीच फार दिवस रिकामी आणि ओलीत राहिल्यामुळे तुपलीच्या तळाशी एक हिरवा डाग पडला होता. असा डाग धातू खात जातो. पोटात रोज काहीतरी ऊन ऊन पडत राहिलं तर तो थांबतो, नाहीतर एक दिवस आरपार जातो. आणि भांड्याला एकदा भोक पडलं की मग कितीही घाला, राहत नाही. पळीताई मोरीकाठी आली की आधी तुपलीचा तळ बघे आणि मगच पुढच्या दाराला जाई.

पुढे पेठेतल्या पंचांना वाटलं की हे सगळं मोजायला हवं. मोजल्याशिवाय केलेलं दान पाण्यात जातं, असं त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग धान्यकोठारातून मापटेसाहेबांना बोलावण्यात आलं. मापटेसाहेब हे अतिशय काटेकोर मापटं होतं. जन्मभर त्यांनी कच्चं धान्य मोजलं. चुलीवर ते कधी चढले नव्हते आणि शिजलेल्या अन्नाचा वास त्यांना ठाऊक नव्हता. कोठाराच्या भाषेत वाढलं म्हणजे वाढलं, रास मोठी झाली. त्या शब्दाला दुसरी बाजू असेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना सवय नव्हती.

ते मोरीकाठी गेले तो आठवडा वाईट होता. पेठेत सरपण ओलं आलं होतं, दोन दिवस चुली धड पेटल्या नव्हत्या. मापटेसाहेब पहिल्याच दाराशी थांबले. ते दार वाटीमावशीचं होतं.

"काय बाई, अन्नाची काय परिस्थिती?"

मावशीने मान खाली घातली. "वाढलं, साहेब."

"अरे वा! कधीपासून?"

"परवापासून वाढलंय. शेजारीपाजारीही सगळ्यांचं वाढलं."

"छान! फारच छान!"

तो 'छान' मावशीच्या काळजात सुईसारखा गेला. पण दारात आलेल्या पाहुण्याला उलट विचारायचं नाही, म्हणून ती गप्प राहिली. पुढच्या दारी तेच उत्तर मिळालं, त्याच्या पुढच्या दारीही तेच. झाकण काढून बघा असं कोणी म्हणालं नाही, आणि मापटेसाहेबांनीही ते सभ्यपणाला धरून होणार नाही असं मानलं.

मापटेसाहेब परत आले आणि पंचांपुढे उभे राहून म्हणाले, "मोरीकाठी घरटी वाढलं आहे. काही ठिकाणी तर परवापासून." पेठेत आनंदीआनंद झाला. झाऱ्यांनी त्याच क्षणी सोहळा ठरवून टाकला. मंडळाचा, तिन्ही खाणावळींचा आणि मापटेसाहेबांचा सत्कार व्हायचा होता. आता गरज उरली नाही म्हणून दुपारचं अन्न बंद झालं. सत्काराची तयारी करताना कोणाच्या लक्षातही आलं नाही की ते बंद झालं.

पळीताईच्या मात्र लक्षात आलं, कारण ती मोरीकाठी रिकामी जात होती. ती तडक हंडेरावांकडे गेली. हंडेराव हल्ली झाकण लावून बसत. माशा फार झाल्यात, असं ते म्हणत.

"हंडेराव, घोटाळा झालाय. मोरीकाठी वाढलं म्हणजे संपलं."

"मग संपलं असं का म्हणत नाहीत?"

"तुम्ही म्हणाल का?"

हंडेरावांनी झाकण आणखी घट्ट बसवलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "पळीताई, सरपण कसं येतंय ते तुम्ही बघताय. गिऱ्हाईक त्या घरपोच जाणाऱ्या बंद डब्यांकडे वळलंय. मापटेसाहेब चांगली बातमी घेऊन आले, सगळ्यांनी ऐकली. आता मी एकट्याने ती खोटी कशी म्हणू? तिकडच्या कोणाला तरी येऊन सर्वांसमोर सांगू दे, आम्ही रिकामे आहोत म्हणून. मग बघू."

खरं सांगायचं तर मापटेसाहेबांच्या बातमीने हंडेरावांना हायसंच वाटलं होतं. पळीताईला ते कळलं आणि रागवावं असं तिला वाटेना. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

तिने मावशीला निरोप सांगितला. मावशी हादरली.

"ताई, मला वितळायला सांगा, चालेल. पण तो शब्द? आमच्या घरात आजवर कुणाच्या तोंडून निघाला नाही."

"घरात काय आहे, मावशी?"

तेवढ्यात कोपऱ्यातून तुपली म्हणाली, "मावशी, माझ्या तळातून उजेड दिसतो का गं?"

मावशीने तिला उचलून आभाळाकडे धरलं. उजेड अजून येत नव्हता. पण डागाच्या मधोमध धातू इतका पातळ झाला होता की तिथे बोट लावायला भीती वाटावी. मावशीने तिला खाली ठेवलं, स्वतःचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, "चला."

पेठेत सोहळा सुरू झाला होता. भर दुपार होती. तोरणं लागली होती, झारे इकडून तिकडे धावत होते, आणि मापटेसाहेब मधोमध काठोकाठ फुलांनी भरून बसले होते. वाटीमावशी तुपलीला घेऊन आली तेव्हा आधी कोणाला काही वेगळं वाटलं नाही. लाभार्थी आभार मानायला आले असणार, असा सर्वांचा समज झाला. पण मावशी मंचाकडे गेली नाही. हंडेरावांच्या खाणावळीपुढे पाट मांडलेले होते, त्यांतल्या एका पाटावर ती बसली. शेजारी तुपलीला बसवलं. मोरीकाठचं भांडं पेठेच्या पंगतीत बसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"बोला बाई," मापटेसाहेब म्हणाले. "काय सांगायचं ते मोकळेपणाने सांगा."

मावशीने तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. पळीताई खांबाशी उभी राहून ऐकत होती. मावशीने पुन्हा प्रयत्न केला. तिचं अंग थरथरू लागलं आणि काशाचा बारीक नाद सगळ्या पेठेला ऐकू गेला. मग तिने हात वर नेऊन स्वतःचं झाकण काढलं. तुपलीचंही काढलं. दोन्ही झाकणं तिने बाजूला जमिनीवर ठेवली.

"वाढा," ती म्हणाली.

"हो, हो, वाढलं ते कळलंच आम्हाला," मापटेसाहेब म्हणाले.

"वाढलं नाही, साहेब. वाढा."

पंगतीला बसलेल्याने वाढा म्हटलं की नाही म्हणायचं नाही, ही पेठेची रीत होती, आणि ती मोडायला कोणी धजावलं नसतं. सगळ्यांच्या नजरा हंडेरावांकडे वळल्या. हंडेराव जागचे हलले नाहीत.

"अहो, वाढा ना!" कढईबाई कडाडल्या. "पोर बसलीय समोर."

हंडेरावांनी झाकण काढलं. त्यांना फार वेळ लागला. मग ते हळूहळू पुढे कलले, आणखी कलले, इतके की आता तोल जाणार असं वाटलं. त्यांच्या तोंडातून काहीच पडलं नाही. वाफही आली नाही.

"आमच्याकडेही," ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनी पंचांकडे पाहिलं नाही, मापटेसाहेबांकडेही नाही. फक्त मावशीकडे पाहिलं. "आमच्याकडेही वाढलंय, बाई. बरेच दिवस झाले."

या वेळी छान असं कोणी म्हणालं नाही. मापटेसाहेबांनी आपल्यातली फुलं आपणच खाली ओतली आणि ती कुठे ठेवावीत हे न कळून ते तसेच उभे राहिले. मावशीने नुसती मान हलवली. तिला त्या शब्दाचा अर्थ नव्याने सांगावा लागला नाही.

तेव्हा पळीताई खांबापासून निघाली. ती कोणाशी काही बोलली नाही. कललेल्या हंड्याच्या तोंडाशी आली आणि आत शिरली, अगदी तळापर्यंत. जुना भात लागून लागून जिथे काळं कवच धरलं होतं तिथे तिने आपली पितळी कड लावली आणि खरवडायला सुरुवात केली. तो आवाज कानाला बरा वाटणारा नव्हता. हंडेरावांनी डोळे मिटून घेतले, पण ते सरळ झाले नाहीत.

तुपली खाली पाटावर तोंड वर करून बसली होती. पहिल्यांदा तिच्यात करपलेल्या भाताची चिमूटभर खरवड पडली, मग थोडी आणखी. तळाचा हिरवा डाग हळूहळू झाकला गेला. खरवडीत मधूनमधून काहीतरी पिवळं चकाकत होतं. मावशीने वाकून निरखून पाहिलं. तो पितळेचा कीस होता. आत पळीताईचं खरवडणं चालूच होतं.