उलट जोडलेली मोटर

एकदा एका धनिक शेठजींनी गावातल्या मुलांना रोबोंच्या झुंजीत उतरवायचे ठरवले. झुंज साधी होती: समोरच्या रोबोला रेटत रिंगणाबाहेर काढायचे. एका मोटरचे बळ पुरेना, म्हणून मुलांच्या वृद्ध गुरुजींनी एकाच आसाच्या दोन टोकांना, समोरासमोर तोंडे करून, दोन मोटरी बसवून दिल्या.

तारा जोडायची वेळ आली. शेठजी म्हणाले, "दोन्ही सारख्याच जोडा. लालला लाल, काळीला काळी. माझ्याकडे सगळे एकाच दिशेने चालतात."

"नाही शेठजी, एक उलट जोडावी लागेल," एक शिष्या म्हणाली.

शेठजी भडकले. "बघा गुरुजी, पुन्हा उलट बोलली! हिला संघातून काढा, नाहीतर रोबो माझ्या अंगणातून हलणार नाही."

"तो तसाही हलणार नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी आपली काठी आडवी पुढे केली. "शेठजी, ते टोक धरा, हे मी धरतो. दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळायची."

दोघे पिळू लागले. काठी जागची फिरेना. शेठजींचे तळहात लाल झाले.

"अहो गुरुजी, अडवता कशाला?"

"मी कुठे अडवतो? तुमचेच ऐकतो आहे. उजवीकडे म्हणजे उजवीकडे."

मग गुरुजींनी आपले टोक शिष्येच्या हाती दिले. तिने ते डावीकडे पिळले आणि काठी गरकन फिरली.

गुरुजी म्हणाले, "शेठजी, पाठीमागे उभा असलेला माणूस तुमच्यासारखाच वळतो, पण त्याचा हात काठीपर्यंत पोचत नाही. जो समोर उभा राहून दुसरे टोक धरतो, त्याचे डावे तेच तुमचे उजवे. उलट बोलते म्हणून हिला काढणार असाल, तर मीही निघतो. माझी काठी तेवढी द्या."

शेठजींनी काठी दिली नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

"राहू दे तिला," ते पुटपुटले. "पण पोरी, यापुढे तरी उलट बोलू नकोस."

शिष्येने एका मोटरच्या तारांची अदलाबदल केली.

"चूक दिसली तर बोलेन, शेठजी," ती म्हणाली आणि तिने कळ दाबली.

रोबो शेठजींच्या रिकाम्या खुर्चीला भिडला आणि तिला रेटत फाटकाकडे निघाला. शेठजी वाटेतच उभे होते. ते बाजूला सरकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक उघडले.