कपाटाखालची पाहुणी

“आक्का, माझं चुकलं तरी कुठं?”

सरोजताई खांबेटे मठाची पायरी चढता चढताच विचारत होत्या. धाप लागलेली, डोळे रडून सुजलेले.

आक्का म्हणजे टेकडीवरच्या मठातल्या म्हाताऱ्या गोसावीण. तोंडाने फटकळ. तरी वाईत कुणाचं काही अडलं की पाय आधी त्यांच्याकडेच वळतात. त्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, सांग.

ताईंनी सांगितलं. नाल्यातून वाचवलेली एक करडी मांजर त्यांनी प्राणिमित्र संस्थेकडून घरी आणली होती. आणली तीही साधीसुधी नव्हे. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. निरांजन लावून औक्षण केलं. शेजारच्या बायका पोराबाळांसकट बोलावल्या, जणू नवी सूनच उंबऱ्यात उभी होती. मांजरीने ती ज्योत पाहिली, ती गर्दी पाहिली, आणि जी कपाटाखाली शिरली ती शिरलीच.

तेव्हापासून दोन दिवस ताई जमिनीवर पालथ्या पडून बॅटरी मारत होत्या. दूध सरकव, मासळी सरकव, लाडाने हाका मार. मासळी, आणि तीही खांबेट्यांच्या स्वयंपाकघरात! पण मांजरीने कशाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, मांजर अशीच उपाशी राहिली तर वाचायची नाही. संस्थेची मुलगी संध्याकाळी येणार होती. तोवर खाल्लं नाही तर ती मांजरीला परत घेऊन जाणार होती.

“माझ्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलं नाही, आक्का.”

एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. त्या काळजीत त्यांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं.

आक्का म्हणाल्या, आधी जेव.

ताट वाढलं. पिठलं, भाकरी, कांदा. ताईंनी पहिला घास घेतला तोच आक्कांनी दुसरी भाकरी टाकली. वर पिठल्याची पळी उपडी केली, त्यावर तूप. नको नको म्हणेपर्यंत तिसरी भाकरी. मग नाकाला नाक लागेल इतक्या जवळ उकिडव्या बसल्या आणि सुरू झाल्या, खा गं माझी बाय, खा गं माझी सोनी. डोक्यावरून, गालावरून हात फिरवला. अंगणातल्या माणसांना हाका मारल्या, या रे, ताई कशा जेवतात बघा. माणसंही अशी शहाणी की खरंच येऊन उभी राहिली.

ताईंनी ताटावर हात आडवा धरला. आक्कांनी हातावरच पिठलं वाढलं.

ताई ताट घेऊन मागे सरकल्या. सरकत सरकत भिंतीला टेकल्या.

“आक्का... जरा बघू नका ना हो माझ्याकडे. घास उतरत नाही.”

बोलून गेल्या, आणि तशाच बसून राहिल्या. हातावरचं पिठलं पुसायचंही त्यांना सुचेना.

आक्कांनी मानेनेच खूण करून माणसांना घालवलं. मग ताईंकडे पाठ केली आणि मेथीची जुडी निवडायला घेतली.

ताई जेवल्या. आपल्याला इतकी भूक लागली होती, हे त्यांना जेवताना कळलं.

पण जीव काही थाऱ्यावर येईना. बाहेर उन्हं कलायला लागली होती.

“आक्का, मी पाठ फिरवून बसले... आणि तरी तिने नाहीच खाल्लं तर?”

आक्का वळल्या नाहीत.

“टोपल्यात भाकरी आहे. लागली तर घे.”