रंगाची खूण

वर्कशॉपला वर्षभर कुलूप का, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर प्राचार्य खांबेट्यांनी मला पॉलिटेक्निकमधून काढलं आणि दाखल्यावर शेरा मारला, 'वर्तणूक वाईट.' त्या शेऱ्यामुळे दुसरं कॉलेज मला दारात उभं करेना.

एका सकाळी हेच खांबेटे जुनी इंजेक्शनवाली गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. उभ्या गाडीचं इंजिन कधी किंचाळायचं, कधी बंद पडायला यायचं.

"इंजिनाची रेस कमी-जास्त करणारा स्क्रू मी स्वतः चार वेळा पिळला. तिथं तू नापास काय करणार?" शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं हसली. "नीट केलीस तर शेरा बदलतो, जा!"

"नापास नाही सर, काढलेला."

स्क्रूची मूळ जागा दाखवणारी कारखान्यातली पिवळ्या रंगाची खूण तिथं होती. आधी स्क्रू फिरवून त्या खुणेवर आणला. मग कान दिला. मागे कुठेतरी हवा फुसफुसत होती. चिरलेली रबरी नळी सापडली. तिच्यावर अंगठा दाबताच इंजिन शांत झालं. नळी बदलून टाकली.

"म्हणजे दोष स्क्रूचा नव्हताच?"

"नव्हता. समोर दिसला म्हणून तुम्ही पिळलात."

खांबेट्यांनी पेन काढलं. मी दाखला पुढे केला.

"काय लिहू? 'उत्तम' लिहू?"

"उपकार नकोत. मला पिळण्याआधी मी जिथं होतो, त्या खुणेवर आणा. आणि वर्कशॉपचं कुलूप काढा सर, कॉलेजची हवा तिथून जातेय."