तळहातावरचा वळ

पूर्वी हेमवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सोणक. त्या कुळात एक रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. बहीण विधवा होऊ नये ही काळजी भावाइतकी दुसऱ्या कुणाला असणार? आणि दोर हातात असेपर्यंत भावाने कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. सोणक असा आपल्या बहिणीच्या, चित्रेच्या, नवऱ्याचा दोर धरीत असे. या मेहुण्याचे नाव पिंगल.

एका वर्षी पाऊस पडला नाही आणि राजवाड्यातली विहीर आटली. ती खोल करायला या कुटुंबाला बोलावणे आले.

राजा अरिंदम मनाने वाईट नव्हता. पण एका वेळी अनेक कामे करण्याचा त्याला भारी अभिमान होता. सोंगट्या खेळता खेळता तो फिर्यादी ऐके, आणि फिर्याद ऐकता ऐकता लेखनिकाला आज्ञापत्र सांगे. दरबारी तोंडात बोटे घालीत. एखाद्याचे गाऱ्हाणे अर्धेच ऐकले गेले, तर ते राजाला सांगायला कोण जाणार?

राजाने विहिरीच्या काठीच आसन मांडले. समोर सोंगट्यांचा पट, शेजारी परराज्याचा दूत. खाली पिंगल खणत होता. माती भुसभुशीत होती आणि सकाळपासून कडेची ढेकळे निसटत होती. कुदळीचा आवाज थांबला की सोणकाचा श्वासही थांबे.

"काय रे, पाणी अजून किती खाली आहे?" राजाने विचारले. सोणक बोलला नाही.

"महाराज विचारतायत!" सेनापती खेकसला.

राजा हसला. "इकडे बघ. नगरातल्या साऱ्या विहिरींचा अधिकारी करतो तुला. एवढं एक उत्तर दे."

सोणकाने मान वळवली नाही. मातीच्या पाट्या रित्या करणाऱ्या चित्रेने घाबरून हात जोडले. "महाराज, रागावू नका. दोर हातात असताना आमच्यात कुणी बोलत नाही. माझा नवरा खाली आहे."

राजाचे हसू मावळले. "एक दोर धरायला अख्खा माणूस लागतो? आण इकडे."

सैनिकांनी सोणकाला दंडाला धरून बाजूला ओढले. दोर राजाच्या डाव्या हातात आला. आता सोणकाला बोलायची मोकळीक होती.

"महाराज, हिसका बसला की लगेच ओढायचं. दुसरं काही करू नका."

"कळलं," म्हणत राजाने उजव्या हाताने फासे टाकले.

सोणकाची नजर दोरावरून हलली नाही. दूत काहीतरी गमतीचे बोलला आणि राजा हसत उत्तर देऊ लागला. तेवढ्यात दोर त्याच्या मुठीतून सर्रकन घसरला आणि ताठ झाला.

"हिसका बसला! ओढा!" सोणक ओरडला.

"दोर हललेला नाही," राजा म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच कळले नव्हते, आणि हेच भयंकर होते.

सोणकाने सैनिकांना झिडकारले आणि राजाच्या हातातून दोर हिसकावून घेतला. या अपराधाला देहदंड होता, हे त्याला ठाऊक होते. चित्रा धावत येऊन त्याच्या मागे दोराला लागली. खाली कड ढासळून पिंगल मातीत दबला होता, दोर वर येईना. दोघांनी काठावर पाय रोवले, पुन्हा ओढले, आणि अखेर पिंगलाचे डोके दिसले. त्याच्या नाकातोंडात चिखल गेला होता. चित्रेने बोटांनी तो काढला. तरी त्याचा श्वास सुरू होईना. सोणक त्याची पाठ चोळत राहिला. मग एकदाचा पिंगल खोकला, आणि चित्रेला रडू फुटले.

सेनापतीने तलवार उपसली. त्याला थांबवण्यासाठी राजाने हात वर केला, आणि तो आपल्या तळहाताकडे पाहतच राहिला. तिथली कातडी सोलून निघाली होती. लालभडक वळ उठला होता.

"हे केव्हा झालं?"

"हिसका बसला तेव्हा," सोणक म्हणाला.

"मग मला कसं कळलं नाही?"

"महाराज, मन एकच असतं. ते दूताकडे गेलं, तेव्हा दोर सोडून गेलं. आणि ते नसताना मागे काय घडलं, हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, काही घडलंच नाही."

राजाने तो तळहात मिटून घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आजवर किती जणांची गाऱ्हाणी मी अशी ऐकली असतील?" दरबाऱ्यांपैकी कुणीच वर पाहिले नाही. त्या दिवसापासून फिर्यादी येत तेव्हा सोंगट्यांचा पट आत ठेवलेला असे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, तिष्य नावाच्या भिक्खूला सांगितली. विहारातल्या एका आजारी वृद्ध भिक्खूची शुश्रूषा तिष्याकडे होती. त्यांच्या उशाशी बसून तो सूत्रे घोकी आणि आल्यागेल्याशी बोलतही असे. पाण्यासाठी हाका मारून मारून अखेर ते वृद्ध स्वतःच उठायला गेले आणि पडले. एका उपासिकेने त्यांना उचलले. "त्यांनी मला हाक मारलीच नाही," असे तिष्य पुन्हा पुन्हा सांगत होता.

"तेव्हाचा राजा अरिंदम तूच होतास, तिष्या," शास्ते म्हणाले. "पिंगल म्हणजे हे वृद्ध भिक्खू, आणि चित्रा म्हणजे त्यांना उचलणारी ती उपासिका. दोर धरणारा सोणक मीच होतो. ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याच्यापाशी मनाने हजर राहणं, याला स्मृती म्हणतात."

तिष्य उठला. तो वृद्धांच्या खाटेपाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने त्यांनी अगदी क्षीण आवाजात पाणी मागितले. त्यांना दुसऱ्यांदा मागावे लागले नाही.