डिकाबाईची सावली

आफ्रिकेच्या जंगलात हत्तींच्या वाटा माणसांच्या वाटांहून रुंद होत्या, तेव्हाची गोष्ट. तिथे डिकाचं एक सदा हिरवं झाड होतं. फळं आंब्यासारखी गोड, लाकूड मात्र असं चिवट की कुऱ्हाडीची धार बोथट व्हावी. डिकाबाईचा स्वभावही लाकडासारखाच.

दर हंगामात एक हत्तीण यायची आणि खाली पडलेली फळं कोयीसकट गिळून जायची. डिकाबाईचा जीव तुटायचा. "मेली माझी लेकरं खाते," म्हणत एका वर्षी तिने काटेरी वेलींना हाताशी धरून वाटच अडवली. हत्तिणीने सोंडेने अंदाज घेतला आणि ती मुकाट्याने मागे फिरली.

त्या वर्षी कोयी बुंध्याशीच रुजल्या. लेकरांना ऊन लागू नये म्हणून डिकाबाईने पानं आणखी दाट केली. रोपं वीतभर झाली, पिवळी पडली आणि एकेक करून माना टाकू लागली.

तेवढ्यात एक धनेश फांदीवर येऊन टेकला. "डिकाबाई, नदीकाठी तुमच्या तोंडवळ्याचं झाड पाहिलं. हत्तिणीच्या लिदीतून उगवलंय म्हणे. यंदा मोहरलंय."

डिकाबाईने बुंध्याशी माना टाकलेल्या रोपांकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "आणि सावली कोणाची आहे त्याला?"

"कोणाचीच नाही. चांगलं उन्हात उभं आहे."

पुढच्या हंगामात वेली बाजूला झाल्या. हत्तीण आली, तशी डिकाबाईने सगळ्यांत गोड फळं तिच्या पुढ्यात टाकली.

"सावकाश जा गं बाई," ती म्हणाली, "पण लांब जा."